सेन्सरची बदली

गैरसोयीचा अहवाल देणाऱ्या अधिकाऱ्याची बदली करायची, ही पद्धत फक्त सरकारी नाही. होंडा एस२००० बाळगणाऱ्या हौशी मंडळींनी ती थेट बॉनेटखाली नेली आहे.

१९९९ साली आलेली ही दोन सीटची गाडी. सुरुवातीचं इंजिन १,९९७ सीसीचं, टर्बोविना, ९,००० आरपीएमपर्यंत किंचाळणारं. आत किती हवा शिरली हे तिचा ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, थेट मोजत नाही. इनटेक मॅनिफोल्डमधला दाब आणि हवेचं तापमान यांवरून हिशेब मांडतो. तापमान सांगणारा सेन्सर बसलाय मॅनिफोल्डच्या धातूत. ट्रॅफिकमध्ये धातू तापतो, सेन्सर ‘हवा गरम’ असं कळवतो आणि नॉकिंग (इंधनाचं अवेळी पेटणं) नको म्हणून ईसीयू स्पार्क जरा उशिरा देतो. गाडी सुस्तावते, मालक चिडतो. मग फिल्टरजवळच्या पाइपला भोक, त्यात रबरी ग्रोमेट, वायरीला जोड, आणि साहेबांची थंड हवेच्या ठिकाणी रवानगी. आकडा लगेच झकास!

हवा मात्र होती तिथेच, होती तशीच. समजा, ती खरोखरच ५० अंशांवर आहे आणि आपण ईसीयूला २० सांगितलं. या फरकाने हवेची घनता नऊ टक्क्यांच्या आसपास घटलेली असते. म्हणजे ईसीयू नसलेल्या ऑक्सिजनसाठी पेट्रोल ओतत बसणार. आरामात चालवताना सायलेन्सरकडचा ऑक्सिजन सेन्सर ही उधळपट्टी पकडतो. फुल थ्रॉटलला त्याचं कुणी ऐकत नाही. तिथे स्पार्क घाईने पडून नॉकिंग झालंच, तर नॉक सेन्सर टायमिंग पुन्हा मागे ओढतो. एकाला गप्प बसवलं तरी दुसरा टपून असतोच.

तापमानाच्या सेन्सरवरचा आरोप अगदीच खोटा नाही म्हणा. उभ्या गाडीत हा सेन्सर हवेपेक्षा धातूचीच खबर जास्त देतो. पण दोन लिटरचं इंजिन ९,००० आरपीएमला मिनिटाला सुमारे ९,००० लिटर हवा ओढतं. एवढा वारा अंगावरून गेला की सेन्सरचं डोकं आपोआप ठिकाणावर येतं. म्हणजे भोक पाडायचं ते सिग्नल सुटल्यानंतरच्या काही क्षणांसाठी!

टर्बो बसवला असेल तर गोष्ट वेगळी. सेन्सर इंटरकूलरनंतर, इंजिनात शिरणारी हवा जिथे खरी कळते तिथे हवा, आणि सोबत ईसीयूचं ट्यूनिंगही नव्याने हवं. तिथे सेन्सरने खरं बोलावं म्हणून तो हलवतात. बाकीच्यांनी ड्रिल काढण्यापूर्वी ओबीडी रीडर लावावा, सिग्नलवरून निघावं आणि तापमानाचा आकडा बघावा. तो खाली येताना दिसला, तर ड्रिल डब्यात आणि वाचलेले पैसे टायरमध्ये.