वीटभट्टीच्या धुरास सेवानिवृत्तीचे खुले पत्र

प्रति,
मा. धूर महोदय,
मुक्काम वीटभट्टी, तालुके डहाणू व तलासरी, जि. पालघर.

विषय : सेवानिवृत्तीबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयी कळविण्यात येते की, भट्टीचा काळा धूर म्हणजे बहुतांशी पुरते न जळालेले इंधन होय. त्याचे पैसे मालकाने आधीच मोजलेले असतात. कच्च्या विटांच्या थरांत कोळसा आणि भाताचे तूस भरून भट्टी एकदा पेटवली की आत हवा किती जाते यावर कुणाचाही ताबा राहत नाही. सगळा ढीग तापतो, मग सावकाश निवतो आणि ती उष्णता आभाळाला दान जाते. इतके करून कडेच्या विटा पिवळ्या, कच्च्या राहतात आणि मधल्या काही वितळून खंगर होतात. या दानशूरपणाची नोंद सेवापुस्तकात घेण्यात आली आहे.

मुक्कामाची निवडही थोर. 20 जून 1991 च्या केंद्रीय अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली खास प्राधिकरण नेमले गेले. डहाणू-घोलवडच्या चिकूला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. फेब्रुवारी 2022 च्या केंद्रीय नियमानुसार भट्टी वस्तीपासून आणि फळबागेपासून किमान 800 मीटर दूर हवी. टायर आणि प्लास्टिक जाळण्यास मनाई आहे.

महोदयांच्या जागी झिगझॅग भट्टी सुचविण्यात येते. तिच्यात विटा अशा रचतात की हवेला नागमोडी वाट मिळावी. बाहेरची हवा भाजून झालेल्या विटांवरून तापत आत येते. जळून निघालेला वायू पुढच्या कच्च्या विटा तापवत चिमणीकडे जातो. जुन्या चिमणीभट्टीच्या तुलनेत कोळसा सुमारे एक पंचमांश वाचतो. अट एकच: कोळसा बारीक करून थोडा थोडा, पण सतत टाकायचा. एकदम फावडेभर ओतला की महोदय पुन्हा कामावर रुजू.

मात्र भाड्याच्या शेतात एका हंगामापुरती भट्टी लावणाऱ्याला चिमणी बांध म्हणणे ही चेष्टाच. त्याला परवडेल ते वेगळे. विटा खडखडीत वाळवल्या की पाणी उडवण्यात इंधन जात नाही. कोळशाची भुकटी गाऱ्यातच मळली की ती विटेच्या पोटात जळते. भट्टी बाहेरून मातीने नीट लिंपली की उष्णता आत टिकते. राखेचीही इथे ददात नाही: डहाणूचे औष्णिक वीज केंद्र हाकेच्या अंतरावर आहे, आणि अशा केंद्रापासून 50 किलोमीटरच्या आत मातीच्या विटेत किमान 25 टक्के राख मिसळावी, असे सप्टेंबर 1999 च्या अधिसूचनेतच सांगितले होते.

दिवाळीनंतर वारली, कातकरी कुटुंबे उचल घेऊन वसई, भिवंडीकडच्या भट्ट्यांवर जातात. त्यांच्या झोपड्या भट्टीलगतच असतात. गावाला आणि चिकूच्या बागेला मिळालेले 800 मीटर त्यांच्या वाट्याला येत नाहीत. सबब, महोदयांनी मुदतवाढीचा अर्ज करू नये, ही विनंती.