वरून नाही, तर खालून

बंगळुरूत प्रश्न सुटत नाहीत, अशी तक्रार करणाऱ्यांना तिथल्या कारभाराची रीत ठाऊक नसावी. तिथे उत्तर कायम तयार असतं. खोळंबा होतो तो त्याला शोभेलसा प्रश्न मिळेपर्यंत.

सप्टेंबर २०१६ च्या अखेरीस कर्नाटक मंत्रिमंडळाने बसवेश्वर सर्कल ते हेब्बाळ अशा ६.७ किलोमीटरच्या पोलादी पुलाला मंजुरी दिली. खर्च १,७९१ कोटी रुपये, तोडायची झाडं ८१२. पूल पोलादाचाच का, तर लवकर उभा राहतो म्हणून. लवकर कशासाठी, तर विमानतळ गाठायचा असतो म्हणून. लोकांना विचारलंत का, तर हो, बंगळुरू विकास प्राधिकरणाने रीतसर मतं मागवली होती. एक कोटीच्या शहरातून आलेले प्रतिसाद मात्र शेकड्यांतच मोजावेत इतके. आपल्याकडे एखाद्या मोठ्या सोसायटीत गच्चीची गळती काढायची म्हटली, तरी याहून जास्त माणसं तावातावाने मत देतात.

मग १६ ऑक्टोबरला हजारो बंगळुरूकर हातात हात धरून रस्त्याच्या कडेला उभे राहिले. ‘स्टील फ्लायओव्हर बेडा’, म्हणजे नको. राष्ट्रीय हरित लवादाने स्थगिती दिली आणि २ मार्च २०१७ रोजी बंगळुरू विकासमंत्री के. जे. जॉर्ज यांनी प्रकल्प रद्द केल्याचं जाहीर केलं. झाडं वाचावीत म्हणून तो रद्द झाला नाही, की वाहतुकीचं गणित चुकलं म्हणूनही नाही. लाचखोरीचे आरोप होऊ लागले आणि सरकारला वाद नको होता. थोडक्यात, पूल हवा की नको यावर निर्णय झालाच नाही; निर्णय झाला तो वाद नको यावर. साहजिकच २०१९ च्या सुरुवातीला कुमारस्वामी सरकारच्या काळात हाच पूल पुन्हा उठून बसला आणि लोक पुन्हा ओरडल्यावर पुन्हा आडवा झाला.

या प्रकाराला शास्त्राधार आहे. मायकेल कोहेन, जेम्स मार्च आणि योहान ओल्सन या तीन अभ्यासकांनी १९७२ मध्ये संस्थांमधल्या निर्णयांचं ‘कचरापेटी प्रारूप’ मांडलं. त्यांचं म्हणणं असं, की आधी प्रश्न, मग पर्याय, मग निवड हा क्रम पाठ्यपुस्तकात असतो. संस्थेत प्रश्न, उत्तरं, माणसं आणि बैठका आपापल्या गतीने फिरत असतात, एकाच पेटीत येऊन पडतात आणि त्या घटकेला जे ज्याला चिकटेल त्याला निर्णय म्हणतात. कोणाच्या तरी खिशात एखादं उत्तर वर्षानुवर्षं पडून असतं आणि ते प्रश्नाच्या शोधात बैठकीमागून बैठक हिंडत राहतं. हे त्यांना सुचलं ते विद्यापीठांचा कारभार पाहून. आपल्या एखाद्या विद्यापीठाच्या अधिसभेला जो बसला आहे, त्याला यात नवल वाटायचं कारण नाही.

हर्बर्ट सायमन यांना १९७८ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांनी दाखवून दिलं होतं, की माणूस सर्वोत्तम पर्याय शोधत बसत नाही. त्यातल्या त्यात चालेलसा पहिला पर्याय उचलतो आणि पुढे जातो. बंगळुरूने यात सुधारणा केली. तिथे चालेलसा पहिला पर्याय नव्हे, डोळ्यांत भरेलसा सगळ्यात मोठा पर्याय उचलतात.

कारण हेब्बाळला वरून जाता येईना, तेव्हा खालून जायचं ठरलं. हेब्बाळ ते सिल्क बोर्ड असा सोळा-सतरा किलोमीटरचा बोगदा, अंदाजे खर्च सतरा हजार कोटींच्या वर. पोलादी पुलाला आता स्वस्त म्हणायची वेळ आली. या बोगद्याचा सविस्तर प्रकल्प अहवाल तयार झाला, तो वाचायची दुर्बुद्धी काहींना झाली आणि बंगळुरूच्या त्या अहवालात चक्क मालेगाव आणि नाशिक निघाले. सल्लागार कंपनीला पाच लाखांचा दंड झाला. अहवालाचं मोल कोटींत आणि चुकीचं लाखांत, त्यामुळे कंपनीचं दिवाळं वाजलं नसावं. मालेगावचा यंत्रमाग आजवर देशभर कापड पुरवत आला. आता तिथलं नाव विकासाच्या अहवालांनाही पुरू लागलं, याचा महाराष्ट्राने अभिमान बाळगावा. गंमत पुढेच आहे. अहवालात चूक निघाली म्हणून बोगदा थांबला नाही. थांबेल कसा? अहवाल वाचून बोगदा ठरला असता, तर अहवाल चुकल्यावर बोगदा डगमगला असता.

बोगद्याचे पुरस्कर्ते उपमुख्यमंत्री डी. के. शिवकुमार यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये, साक्षात देव खाली उतरला तरी दोन-तीन वर्षांत या शहराची वाहतूक सुधारणार नाही, अशा अर्थाचं विधान केलं. पुढे ऑक्टोबरात, बोगदा फक्त मोटारवाल्यांसाठी का, असं विरोधकांनी विचारलं. तेव्हा ज्या मुलाकडे मोटार नाही त्याला लोक मुलगी द्यायला तयार नसतात, हा सामाजिक मुद्दा त्यांनी पुढे केला. सतरा हजार कोटींच्या प्रकल्पाला वाहतूकशास्त्रातून नाही, तरी वधूवर सूचक मंडळातून आधार मिळाला. बोगद्याच्या वाटेवरच्या लालबागेच्या पोटातल्या सुमारे तीन अब्ज वर्षांच्या खडकाची चिंता करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं, की खडकाला लग्न करायचं नसतं.

आता एवढं सगळं ठरवतं कोण? निवडून आलेली महापालिका म्हणावं, तर तिची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली आणि त्यानंतर कारभार प्रशासकाकडे गेला. २०२५ मध्ये एका महापालिकेच्या पाच झाल्या आणि त्यांच्या डोक्यावर ‘ग्रेटर बंगळुरू प्राधिकरण’ बसलं. विकास प्राधिकरण वेगळं, मेट्रो वेगळी, बस वेगळी, पाणी वेगळं. या सगळ्यांत मेळ घालायला २०२२ च्या कायद्याने आणखी एक भूवाहतूक प्राधिकरण आलं. बोगद्यासारख्या मोठ्या प्रकल्पांसाठी तर स्वतंत्र कंपनी आहे. तिच्या संक्षिप्त नावाचा उच्चार ‘बी-स्माईल’ होतो. सिग्नलला उभ्या असलेल्याने तेवढं तरी करावं.

इतक्या संस्थांचा फायदा फेब्रुवारी २०२५ मध्ये कळला. ९ तारखेपासून मेट्रोचं भाडं वाढलं, कमाल तिकीट ६० वरून ९० रुपयांवर गेलं आणि प्रवासी खवळले. राज्य सरकार म्हणालं, समिती केंद्राने नेमली. केंद्रातल्या पक्षाचे लोक म्हणाले, मागणी राज्याची होती. मेट्रो म्हणाली, समितीची शिफारस बंधनकारक आहे. समिती तोवर अहवाल देऊन घरी गेली होती, आणि तो अहवालही लोकांना बऱ्याच महिन्यांनी वाचायला मिळाला. वाढ मात्र खरी होती, ती प्रवाशांच्या खिशातून रोज वजा होत होती. पाच-सहा दिवसांत काही टप्प्यांची भाडी थोडी खाली आली. तो निर्णय आमचा, असं सांगायला अर्थातच सगळे पुढे होते.

पुणेकरांनी इथे हसू नये. विद्यापीठ चौकातले उड्डाणपूल मेट्रोच्या आणि नव्या दुमजली पुलाच्या वाटेत येतात म्हणून २०२० मध्ये पाडावे लागले, हे चतुःशृंगीने पाहिलं आहे.

बंगळुरूने एकदा स्वस्तातला निर्णयही घेऊन पाहिला होता. ऑक्टोबर २०१९ मध्ये सिल्क बोर्डपासून निघणाऱ्या बाह्य वळण रस्त्यावर बससाठी वेगळी मार्गिका आखली. कडेला ठोकळे रोवले, आत बस, बाहेर बाकीचे. बस, महापालिका आणि वाहतूक पोलीस चक्क एकत्र आले होते आणि बसचा वेगही वाढला. बोगदा खणावा लागला नाही, झाडं पडली नाहीत, कोनशिलेलाही जागा नव्हती. पुढे त्याच रस्त्यावर मेट्रोचं काम निघालं आणि मार्गिका गेली. सतरा हजार कोटींत किती बस येतात हा हिशेब कोणत्याही बैठकीच्या विषयपत्रिकेवर पहिल्या क्रमांकाला येत नाही. बसला उत्तर म्हणून मिरवता येत नाही, हाच तिचा दोष.

तेव्हा नाशिक, मालेगाव, पुणे, ठाणे, जिथे जिथे एखाद्या बोगद्याचा किंवा पुलाचा अहवाल शिजत असेल, तिथल्या वाचकांना एकच विनंती. तो हाती लागला तर आधी त्यात सिल्क बोर्डचं नाव शोधा.