तोंडाचा गार्ड

गार्डमामा रिटायर झाले तेव्हा दौंडच्या रेल्वे कॉलनीतला त्यांचा संसार एका टेम्पोत मावला. लाल झेंडी, हिरवी झेंडी जिथल्या तिथं जमा केली. सवय मात्र जमा करून घ्यायला खिडकी नव्हती. मग शिरूरच्या, म्हणजे जुन्या माणसांच्या घोडनदीच्या, वडिलोपार्जित घरात आल्या आल्या मामांनी स्वतःच्या तोंडावर स्वतःचीच ड्यूटी लावून घेतली.

आमच्या ख्रिस्ती मंडळीत असा एखादा असतोच. कुणी दशांशाचा पक्का, कुणी उपासाचा, हा जिभेचा. १४१व्या स्तोत्रात दावीद देवाकडं आपल्या तोंडासाठी पहारेकरी मागतो. मामा त्याचा अर्थ सरळ लावतात, "राजा असून त्यानं काय मागितलं? गार्ड!" २०२२ साली रेल्वेनं गार्डला 'ट्रेन मॅनेजर' म्हणायचं ठरवलं, तेव्हा मामा दोन दिवस नीट जेवले नाहीत. "मॅनेजर तोंड सांभाळत नाही," ते म्हणाले, "तोंड चालवतो."

नोकरीत असताना हे सांभाळणं सोपं होतं. मामा मालगाडीचे गार्ड, दौंड-मनमाड लाइनीवर. पुढं पन्नासेक वाघिणी, त्यांच्याही पुढं इंजिन, आणि शेवटी ब्रेकव्हॅनमध्ये मामा एकटे. विसापूरला नाहीतर बेलवंडीला क्रॉसिंगसाठी गाडी थांबली की सोबतीला फक्त बाभळी. बाभळीला कोण शिव्या देतं? पस्तीस वर्षं जीभ शुद्ध राहिली याचं श्रेय मामा पवित्र आत्म्याला देतात. मामी ब्रेकव्हॅनला देतात.

खरी परीक्षा शिरूरच्या बाजारात सुरू झाली. आमच्याकडं 'च्यायला' ही शिवी नाही, स्वल्पविराम आहे. "च्यायला, आज ऊन काय पडलंय!" यात कुणाच्या आईचा काही संबंध नसतो, उन्हाचाही फारसा नसतो. पण मत्तयाच्या शुभवर्तमानात लिहिलंय की माणूस जो जो रिकामा शब्द बोलेल त्याचा हिशेब न्यायाच्या दिवशी द्यावा लागेल. दुसऱ्या कुणी हे वाचलं असतं तर घाबरून गप्प बसला असता. मामांना हुरूप आला. हिशेब ठेवणं हेच तर त्यांनी जन्मभर केलं होतं. गाडी कुठल्या स्टेशनात किती वाजता पोचली, किती मिनिटं खोळंबली, कारण काय. त्यांनी एक लांबडी वही आणली आणि पट्टीनं रकाने आखले.

ती वही मी पाहिली आहे. पेन्सिलीनं, बारीक अक्षरात:

"७.४०. स्वयंपाकघर. शब्द: च्या. (अर्धा. उरलेला गिळला.) कारण: गॅस संपला."

"११.१५. बँक. शब्द नाही. पण नजर. कारण: लंच टाइम लवकर."

"१६.०५. ओटा. शब्द: पूर्ण. कारण: जावई."

जावयाचं तपशीलवार कारण लिहायला रकाना अपुरा पडला असावा, कारण पुढं बाण काढून मागच्या पानावर नेला होता.

मामींना ही वही आवडत नाही. त्या केडगावजवळच्या. केडगाव दौंड तालुक्यातलं, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं. मामा तिथलाच दाखला देतात. रमाबाईंनी तिथं बसून हिब्रू आणि ग्रीकमधून अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं, ५ एप्रिल १९२२ला त्या गेल्या तोवर ते काम हातावेगळं झालं होतं. एकेक शब्द त्यांनी जोखला, मग आपल्याला दिवसाचे चार शब्द जोखता येऊ नयेत? यावर मामी ताटातलं वाढणं न थांबवता म्हणतात, "त्याच केडगावला १९०५ साली संजीवन आलं तेव्हा शेकडो पोरी एकदम, मोठमोठ्यानं प्रार्थना करत होत्या. रमाबाईंनी कुणाच्या हातात वही दिल्याचं ऐकलं नाही."

मामींचं स्वतःचं बोलणं गावरान आणि मायेचं. "मेल्या, जेवून जा," असं त्यांनी म्हटलं नाही तर मला पाहुणा झाल्यासारखं वाटतं. मामांनी 'मेला' बंद केला. जीवन आणि मरण जिभेच्या हाती आहे, असं नीतिसूत्रांत आहे ना! मोबाइलची बॅटरीसुद्धा मेली म्हणायचं नाही, निजली म्हणायचं. "मग पुरतं म्हणा की," मामी म्हणाल्या, "प्रभूमध्ये निजली." घरात दोन दिवस शांतता होती. मामांच्या मते तो वहीचा सर्वोत्तम काळ.

शपथेचंही तसंच. येशूनं डोंगरावरच्या प्रवचनात मुळीच शपथ वाहू नका असं सांगितलंय, त्यामुळं 'आईशपथ' गेली, 'देवाशपथ' गेली, 'तुझ्या गळ्याची' तर कधीच गेली. एकदा कसल्याशा दाखल्यासाठी प्रतिज्ञापत्र करायचं होतं. टायपिस्टनं छापील मजकूर पुढं केला: शपथेवर लिहून देतो की. मामांनी पेन काढून 'शपथेवर' खोडलं. कायद्याच्या बाबतीत मामा बरोबर होते, १९६९च्या शपथ अधिनियमात शपथेऐवजी सत्यप्रतिज्ञेची सोय आहे. पण स्टँपपेपर वाया गेला, मागं रांग वाढली, आणि त्या रांगेनं जे जे शब्द वापरले ते सगळे मामांनी ऐकले. वहीत दुसऱ्यांच्या शब्दांसाठी रकाना नाही, ही त्यांची त्या दिवसापासूनची खंत आहे.

माणूस शिवी सोडू शकतो, राग कुठं ठेवणार? त्याच प्रवचनात भावाला मूर्ख म्हणायचीही बंदी आहे. मामांनी पळवाट काढली ती जुन्या करारातून. वाट अडवणारा रिक्षावाला 'पलिष्टी'. बिल वाढवून लावणारा 'फारो'. घराला कुलूप लावून चार पावलं गेल्यावर गॅस बघायला मागं वळणारी मामी 'लोटाची बायको'. गल्लीतल्या पोरांनी हे लगेच उचललं. क्रिकेटमध्ये झेल सुटला की आता "पलिष्ट्या!" असा ओरडा होतो, आणि त्यातली निम्मी पोरं चर्चच्या वाऱ्यालाही उभी राहिलेली नाहीत. शब्द शुद्ध, आवाज तोच. मला विचाराल तर शिवी आवाजातच असते; पण मी तसा कच्चा ख्रिस्ती.

गेल्या जानेवारीत मी मामांच्या स्कूटरवर मागं बसून केडगावला निघालो होतो. न्हावरा सोडलं आणि पुढं उसाचा ट्रॅक्टर. मागं दोन ट्रॉल्या, दोन्ही रस्त्याएवढ्या रुंद भरलेल्या, टपावर स्पीकर लावून लावणी. मामांनी हॉर्न दिला. लावणीचा आवाज वाढला. पाऊण तास आम्ही उसाच्या चिपाडाचा वास घेत मागं मागं. मामांच्या मानेची शीर मला हेल्मेटखालून दिसत होती. याकोबाच्या पत्रात घोड्याच्या तोंडातल्या लगामाचं उदाहरण आहे; ते बहुधा त्यांना आठवत असावं, कारण ते दात आवळून बसले होते. शेवटी एका वळणावर जागा मिळाली, आम्ही ड्रायव्हरच्या बरोबरीला आलो आणि मामा सगळ्या ताकदीनं ओरडले, "नबुखद्नेस्सर!"

बैलासारखं गवत खाणारा बाबेलचा राजा. यापेक्षा मोठी शिवी त्यांच्याकडं नाही.

ड्रायव्हर भला माणूस. त्यानं गाणं बंद केलं, कानाला हात लावून पुन्हा विचारलं, आणि मग म्हणाला, "न्हाई काका, ह्या भागात न्हाई ते गाव. पारगावात विचारा, पूल वलांडला की."

केडगाव येईपर्यंत मामा बोलले नाहीत.

रात्री घरी प्रार्थनेला बसलो. डोळे मिटून मामांनी सुरुवात केली, हळू, गोड आवाजात. प्रभू, त्या ट्रॅक्टरचालकाला क्षमा कर. त्याच्या दोन्ही ट्रॉल्यांना क्षमा कर, ज्यांना मागं लाल दिवा नव्हता. ज्या मालकानं त्याला ठेवलं, त्याचं मन पालट. मग ट्रॅक्टरचा नंबर आला, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या आकड्यापर्यंत. तिथून प्रार्थना शेजारच्या भिंतीकडं वळली, भिंतीवरून बँकेकडं, आणि बँकेवरून जावयाकडं.

मी एक डोळा किलकिला केला. मामींचे दोन्ही डोळे मिटलेलेच होते, पण हातानं चाचपत त्यांनी वही पुढं ओढली होती आणि पेन्सिलीला टोक आहे का ते बोटानं बघत होत्या.