स्थळ : पंचतारांकित शेंद्रा

मुलीचं लग्न ठरलं तेव्हा बस्ता, सोनं, आचारी, मांडव ही सगळी खाती आमच्या हिने स्वतःकडे ठेवली आणि 'यात तुम्ही घालून घालून काय घोळ घालणार' म्हणत पत्रिकेचं खातं माझ्याकडे सोपवलं. तीस वर्षांच्या संसारात तिने माझ्यावर टाकलेला हा पहिला विश्वास. दुसरा टाकणार नाही.

मी शेंद्र्याच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढायच्या आणि महिनाअखेर पगार घ्यायचा, असा सुखाचा धंदा. केसाएवढा फरकही माझ्या नजरेतून सुटत नाही, असं माझ्याबद्दल बोललं जातं. बोलणारा बहुतेक मीच असतो. त्याच रुबाबात गुलमंडीजवळच्या एका दुकानात शिरलो. मालकाने मखमलीच्या, पालखीच्या, उघडताच सनई वाजणाऱ्या अशा पत्रिकांचे गठ्ठे पुढ्यात टाकले. मी हात वर केला. "साधी हवी. कोपऱ्यात पैठणीचा एक मोर, बाकी भरपूर मोकळी जागा."

"साहेब," तो चष्मा पुसत म्हणाला, "मोकळी जागा नातेवाईक ठेवू देत नाहीत."

मला वाटलं, माणूस अरसिक आहे. तो अनुभवी होता.

आधी देव आले. आमची तुळजाभवानी, साताऱ्याचा खंडोबा, वेरूळचा घृष्णेश्वर, व्याह्यांची कुलस्वामिनी, एवढ्यांना दाटीवाटीने बसवतोय तोवर दादांचा फोन : "लग्न शेंद्र्यात अन् मांगीरबाबाला विसरला का रे?" मग माणसं आली. स्वागतोत्सुक, निमंत्रक, व्यवस्थापक, समस्त मामा मंडळ, आणि खाली 'किलबिल'. त्यात धाकट्या मेहुणीने अजून जन्माला यायच्या बाळासाठीही जागा धरून ठेवायला सांगितलं, जनरल डब्यात खिडकीतून रुमाल टाकतात तशी. वधूवरांची नावं सरकत सरकत अशा ठिकाणी पोचली, की मुलीने विचारलं, "बाबा, यात लग्न कुणाचंय?"

मोराचंही सांगतो. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगाची जाळी वेगळी असते आणि एक रंग दुसऱ्यावर नेमका बसावा लागतो. आमचा सोनेरी रंग हिरव्याच्या जरासा बाजूला बसला आणि मोराला दोन चोची आल्या. केसाएवढाच फरक होता. प्रूफ मीच पास केलं होतं.

पण खरी करामत पत्त्यात. लॉन्स जालना रोडला, शेंद्रा पंचतारांकित औद्योगिक वसाहतीसमोर. हे पंचतारांकित प्रकरण माझ्या पदरचं नाही; एमआयडीसीने बुटीबोरी, कागल-हातकणंगले आणि आमचं शेंद्रा अशा मोठ्या वसाहतींना ही पदवीच दिलेली आहे. त्यातून २०२३ मध्ये शहराचं नाव बदललं आणि 'छत्रपती संभाजीनगर' लिहिल्यावर ओळीत जागा उरेना. माझी शेवटची मोकळी जागा धोक्यात आली. तेव्हा वसाहत काय सगळ्यांना ठाऊकच आहे, अशा विचाराने मी 'औद्योगिक वसाहतीसमोर' हे शब्द काढून टाकले. उरलं ते छापलं गेलं : 'पंचतारांकित शेंद्रा, जालना रोड'.

आठवड्याभरात पुण्याहून व्याह्यांचा फोन. आवाजात कधी नव्हे तो आदर.

"तिथे पूल आहे ना?"

"आहे की! चिकलठाण्याला, सुखना नदीवर. तो ओलांडला की आलातच."

"पाणी असतं ना त्यात?"

"पावसाळ्यात असतं."

पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही. मला वाटलं, रेंज गेली.

लग्नाच्या दिवशी, वैशाखाच्या भर उन्हात, पुण्याची बस लॉन्ससमोर थांबली. व्याह्यांच्या नातवाच्या गळ्यात पोहण्याचा चष्मा होता. विहिणबाई पत्र्याच्या शेडखालच्या, घरघरत्या कूलरकडे पाहत होत्या, समोरच्या गेटातून पहिल्या पाळीची माणसं डबे घेऊन बाहेर पडत होती, आणि व्याही पत्रिका हातात धरून माझ्याकडे येत होते. मी मांडवात जाऊन वाढप्यांच्या रांगेत उभा राहिलो. वरणाची बादली हातात असली की माणसाला कुणी जाब विचारत नाही.

मंगलाष्टका झाल्या, जेवण उत्तम झालं (ते खातं हिच्याकडे होतं), पोरगी सुखाने सासरी गेली. रागाच्या भरात मी उरलेल्या सगळ्या पत्रिका रद्दीवाल्याला देऊन टाकल्या. परवा जावयांचा फोन आला : विवाह नोंदणीच्या अर्जाला लग्नपत्रिका जोडावी लागते, एखादी पाठवता का?

तेव्हा वाचकहो, आपल्या घरी दोन चोचींच्या मोराची एखादी पत्रिका पडून असेल, तर कृपया हिला न कळवता मला आणून द्या. आहेर आणू नये असं तिच्यावर छापलंय खरं. हा एवढा घेईन.