लॅपटॉप लावावा लागंल

ट्रकला बोलता येऊ लागल्यापासून आमच्या दाजींची झोप उडाली आहे. पूर्वीचा ट्रक मुका होता. बिघडला की काळा धूर ओकायचा, नाहीतर घाटात मधेच बसायचा. मग मिस्त्री केबिन उचलून लांब स्क्रू-ड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं स्वतःच्या कानाला लावायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "तिसऱ्याचा नोझल गेलाय." खरंच तिसऱ्याचा नोझल गेलेला असायचा. नसला तरी कुणाला कळायचं नाही.

१ एप्रिल २०२० पासून देशात धुराचे बीएस-६ नियम लागू झाले. तेव्हा सगळा देश टाळेबंदीत दारं लावून बसलेला, त्यामुळे ट्रकला वाचा फुटल्याची बातमी फारशी कुणाच्या कानावर गेली नाही. (त्याआधीचे ट्रकही पुटपुटायचे, पण मनावर कोण घेतंय!) आता डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो आणि कऱ्हाडपासून कागलपर्यंत हायवेवरच्या कुठल्याही गॅरेजात एकच वाक्य ऐकू येतं, "लॅपटॉप लावावा लागंल." लावतात तो बहुतेक वेळा हातात मावणारा स्कॅनर असतो, पण लॅपटॉप म्हटलं की पाचशेची नोट आपोआप बाहेर येते.

दाजी साखर वाहतात आणि मी कॉलेजात इंग्रजी शिकवतो. एवढ्या पात्रतेवर मला गॅरेजात नेलं जातं. "पाव्हणं, तुमास्नी इंग्रजी येतंय न्हवं? मग चला." चहा मिळतो, तक्रार नाही.

स्कॅनरवरचं इंग्रजी मात्र वेगळ्याच जातीचं. ट्रकच्या भाषेत बहुधा दोन आकडे असतात. पहिला आकडा सांगतो दुखणं कुठलं, दुसरा सांगतो कशा प्रकारचं. ११० म्हणजे इंजिनाच्या पाण्याचं तापमान, १०० म्हणजे ऑइलचं प्रेशर. खरी मेख दुसऱ्या आकड्यात. ११० च्या पुढे ० आला तर पाणी खरोखर तापलंय, गाडी जागच्या जागी थांबवा. पण पुढे ३ किंवा ४ असेल तर सेन्सरचं व्होल्टेज चढलंय किंवा पडलंय. म्हणजे दुखणं वायरीचं, नाहीतर सेन्सरचं. पाणी बिचारं थंड आहे. आणि ५ म्हणजे सर्किट तुटलेलं, बहुधा उंदरानं. दाजींच्या एका दोस्तानं ११०-४ वाचून रेडिएटर बदलला. नवा रेडिएटर झकास आहे, दिवा अजून जळतो.

यात ३१ नंबरचा प्रकार माझा लाडका. त्याचा अर्थ एवढाच, की 'अशी परिस्थिती आहे'. कसली, का, कधीपासून, काही नाही. सरकारी पत्रव्यवहारात उमेदवारी केलेल्या माणसानंच तो लिहिला असावा.

कोड म्हणजे फिर्याद. तक्रार कुणी दिली हे तीत असतं. चोर कोण, ते नसतं. दाजींचा न्याय मात्र असा, की जो फिर्याद घेऊन येईल त्यालाच आधी फासावर चढवायचं. सेन्सरचं नाव आलं की सेन्सर बदल. त्यातून बॅटरीची अर्थिंगची पट्टी ढिली झाली तर व्होल्टेज हेलकावे खातं आणि झाडून सारे सेन्सर एकदम ठाण्यात हजर होतात. इंजिनाचा कंप्यूटर आमच्याशी बोलत नाही, अशी चहाडी ब्रेकचा कंप्यूटर करतो. अशा वेळी जुना मिस्त्री स्कॅनरकडे न बघता दहाचा पाना घेतो, बॅटरीचं टर्मिनल आवळतो, अर्थिंग घासून काढतो. कोडांची अर्धी जत्रा तिथेच पांगते.

इंजिनाच्या कंप्यूटरचा खरा वैरी ड्रायव्हर. बिघाड झाला त्या क्षणीचे आकडे तो टिपून ठेवतो : इंजिनाचे फेरे, तापमान, वेग. आमचा ड्रायव्हर शपथेवर सांगत होता, की गाडी पन्नासच्या वर नव्हती. स्क्रीनवर अठ्ठ्याहत्तर. तो शांतपणे म्हणाला, "शेठ, सेन्सर खोटं बोलतोय." दाजींनी विश्वास ठेवला. ड्रायव्हर मिळणं सेन्सर मिळण्यापेक्षा अवघड आहे.

मग पी-२०-ईई आला, दोन आकड्यांऐवजी अक्षरं मिसळलेला कोड. गाडी भरलेली, खंबाटकीचा घाट, आणि ओढ गेली. या कोडचा अर्थ, धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड पुरेसे मरत नाहीत. ते मारायला युरियाचं पाणी सायलेन्सरमध्ये फवारतात. उष्णतेनं त्याचा अमोनिया होतो आणि तो कॅटॅलिस्टच्या मदतीनं त्या ऑक्साइडांचा साधा नायट्रोजन आणि पाणी करून टाकतो. हे काम बिघडलं की गाडी आधी दिवा लावते, मग ताकद कापते, आणि तरीही मालक ऐकत नसेल तर ताशी २० किलोमीटरवर आणून सोडते. साखर त्या वेगानं मुंबईला पोचेपर्यंत तिला मुंग्या लागायच्या.

एका गॅरेजात निदान झालं, "नॉक्स सेन्सर बदला." म्हणजे ते ऑक्साइड मोजणारा. किंमत पाच आकडी. दुसऱ्यानं पोराला सांगून कोड उडवून दिला. तो काही वेळानं परत हजर. तिसरे आमचे जुने मिस्त्री. त्यांनी कोड वाचला आणि विचारलं, "युरिया कुठनं घेता?" दाजी एकदम हवामानाबद्दल बोलायला लागले.

मिस्त्रींनी खिशातून बोटभर लांबीचा रिफ्रॅक्टोमीटर काढला, टाकीतला एक थेंब काचेवर टाकला आणि डोळ्याला लावला. युरिया ३२.५ टक्के हवा, बाकी शुद्ध पाणी. रेघ पंचविशीलाही पोचली नव्हती. ढाब्याशेजारच्या टपरीवर निम्म्या दरात मिळणारी बादली ती. कोण जाणे, वर शेतातला युरियाही ढवळला असेल; त्याला निंबोळी तेल चोपडलेलं असतं, पिकाला ते मानवतं, कॅटॅलिस्टला नाही. पंधरा-वीस हजारांचा सेन्सर खरंच बोलत होता आणि आम्ही त्यालाच काढायला निघालो होतो. टाकी धुतली, इंजेक्टरवरचे पांढरे खडे काढले, नवा युरिया भरला. दाजी म्हणाले, "मला पयल्यापास्नंच वाटत हुतं."

तेव्हा ट्रकवाल्यांनो, दिवा लागला तर कोड उडवायच्या आधी त्याचा फोटो काढून ठेवा, दोन्ही आकडे दिसतील असा. पाना-पकड आधी बॅटरीवर चालवा, पाकीट नंतर उघडा. आणि युरियाची बादली सीलबंद घ्या, बिलासकट.