असतेकाका

असतेकाकांना वर्तमानकाळ फारसा लागत नाही. समोर चहा आला तर 'चहा छान झालाय' असं ते म्हणणार नाहीत. 'आलं जरा ठेचून घातलं असतं, तर चहा झाला असता' म्हणतील. मिसळ खाल्ली तर रस्सा कसा झाला असता ते सांगतील, लग्नाला गेले तर मुलीला आणखी कोणतं स्थळ मिळालं असतं ते. कॉलेज रोडवरच्या आमच्या फ्रेंचच्या वर्गात मुलांनी त्यांचं नाव असतेकाका ठेवलं. ते त्यांच्या कानावर गेलं तेव्हा शांतपणे म्हणाले, "मला आधी सुचलं असतं, तर मीच ठेवून घेतलं असतं."

काका नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झाले. प्रेस म्हणजे नोटांचं. १९२८ पासून तिथे नोटा छापल्या जातात. एवढ्या वर्षांत किती कोटी रुपये त्यांच्या डोळ्यांखालून गेले, त्याचा हिशेब नाही. 'यातला एक गठ्ठा आपला असता तर' हे वाक्य मात्र रोज संध्याकाळी काकांबरोबर घरी येई. गेटवरच्या झडतीत ते कधी सापडलं नाही.

निवृत्तीनंतर या वाक्याला पंख फुटले. काकांचं पंचांग सिंहस्थावर चालतं. १९९१च्या सिंहस्थाच्या आधी गंगापूर रोडला त्यांना जमीन मिळत होती. २००३च्या आधी पाथर्डी फाट्याला प्लॉट मिळत होता. २०१५च्या आधी आडगावला. दर बारा वर्षांनी गुरू सिंहेत येतो आणि काकांची एक जमीन हुकते. भाव विचारावा, तर तो दर वेळी उतरलेला असतो. गेल्या दिवाळीत गंगापूर रोडची ती जमीन जेवढ्याला मिळत होती, त्याच्या निम्म्यात ती पाडव्याला मिळत होती. अशीच वर्षं गेली, तर मालक वर पैसे देऊन जमीन गळ्यात मारत होता असंही एक दिवस निघेल.

सुलावाल्यांनी गंगापूर धरणाजवळ १९९७ साली सोव्हिन्याँ ब्लाँ आणि शेनँ ब्लाँची द्राक्षं लावली. काकांच्या मते ही कल्पना त्यांच्या डोक्यात त्याआधीच आली होती. फक्त त्यांच्याकडे जमीन, भांडवल, परवाना आणि वाइनची माहिती नव्हती. फाळक्यांचंही तसंच. जन्म त्र्यंबकेश्वरचा, १९१३ साली मुंबईत 'राजा हरिश्चंद्र' केला आणि लगेच बिऱ्हाड घेऊन नाशकात आले, इथेच सिनेमे काढले. "त्यांच्या मागे कुणी नीट उभं राहिलं असतं, तर आज फिल्मसिटी गोरेगावला नसती, मखमलाबादला असती." आणि मखमलाबादला काकांनी जागा घेतली असतीच.

आमच्या वर्गात तीन प्रकारचे लोक येतात. अकरावीची मुलं, कारण फ्रेंचला मार्क पडतात. कॅनडावाले, कारण २०२३ पासून तिथे फ्रेंच येणाऱ्यांना स्थलांतरासाठी वेगळी निवड सुरू झाली. आणि वायनरीत पाहुण्यांना फिरवणारे एक-दोघे, ज्यांना द्राक्षांची नावं तरी धड उच्चारायची असतात. काका चौथ्या प्रकारचे. त्यांची मुलगी माँट्रियलला असते. क्यूबेक प्रांताने १९७७ साली भाषेचा कायदा केला. त्यानुसार बाहेरून आलेल्या बहुतेकांची मुलं फ्रेंच शाळेतच घालावी लागतात. नातवाला घरातलं मराठी समजतं, पण फोनवर तो बोलतो फ्रेंच. "जावयाने टोरांटोला नोकरी घेतली असती, तर मला या वयात क्लास लावावा लागला नसता," हे काकांनी प्रवेशाच्या फॉर्मवर 'फ्रेंच शिकण्याचा उद्देश' या रकान्यात लिहिलं होतं.

पहिले काही महिने काका रडतखडत चालले. 'मी आहे', 'तू आहेस' यात त्यांना गोडी नव्हती. भविष्यकाळ त्यांनी पाहुणा आल्यासारखा ऐकून घेतला. मग एका संध्याकाळी मी फळ्यावर लिहिलं : काँदिसिओनेल पासे. म्हणजे जे झालं असतं, पण झालं नाही, त्याचा काळ. काका ताठ बसले. "मॅडम, यांच्याकडे याला वेगळा धडा आहे?"

आहे, आणि चांगला कडक आहे. आधी सहायक क्रियापद संकेतार्थात चालवायचं, मग मूळ क्रियापदाचं भूतकाळी कृदंत जोडायचं. सहायक दोन, आव्वार आणि एत्र. जाणं, येणं, जन्मणं, मरणं, पडणं अशी मोजकी क्रियापदं एत्रच्या घरातली. बाकी बहुतेक सगळा प्रपंच आव्वारचा. 'मी गेलो असतो' हे 'झ सरे आले.' यावर वर्ग हसला, कारण गेलेला माणूस फ्रेंचमध्ये 'आले' असतो. 'मी विकत घेतलं असतं' हे 'झोरे आश्ते.' यावर काका उठून उभे राहिले. "आश्ते? आमचं असते तेच की!" फक्त 'आश्ते' म्हणजे विकत घेतलेलं, आणि ती क्रिया काकांच्या हातून कधी घडलेली नव्हती, हे मी बोलले नाही.

त्यांना आणखी एक गोष्ट आवडली. मराठीत जमीन घेतली असती, प्लॉट घेतला असता, घर घेतलं असतं. म्हणजे न घेतलेल्या वस्तूचंही लिंग सांभाळत बसायचं. फ्रेंचमध्ये वस्तू क्रियापदाच्या मागून आली, तर काहीही न घेतलेलं असो, आश्ते एकच. काकांनी त्या दिवशी वहीची चार पानं भरली. त्यात एकूण मालमत्ता बरीच होती.

अडचण पुढच्या तासाला आली. मराठीत जर-तरच्या दोन्ही बाजूंना 'असतं' बसतं : मी आलो असतो, तर तो गेला असता. फ्रेंचला हे खपत नाही. 'सी' म्हणजे जर. त्याच्या वाक्यात संकेतार्थ घालायचा नाही, तिथे प्ल्यु-क-पार्फे, म्हणजे 'केलं होतं' या घाटाचा पूर्ण भूतकाळ घालायचा. फ्रान्समधली शाळकरी पोरंही इथे चुकतात, म्हणून त्यांच्याकडून घोकून घेतात : सीला रे चालत नाही. काका रुसले. त्यांचं म्हणणं, दोन्हीकडे 'असतं' असलं की कसं मोकळं वाटतं. एका बाजूला 'होतं' आलं की कुणीतरी चौकशीला बसल्यासारखं होतं.

ती चौकशी त्याच दिवशी झाली. वर्ग सुटायच्या वेळी काकू त्यांना स्कूटीवर न्यायला आल्या. काका मला गंगापूर रोडची जमीन सांगत होते. काकू दारातून म्हणाल्या, "मी तेव्हाच सांगितलं होतं. माझ्या पाटल्याही काढून दिल्या होत्या." मी खडू उचलला. काकांकडे वाक्याचा अर्धा भाग होता, काकूंकडे दुसरा, आणि संसाराला इतकी वर्षं झाली तरी दोघांनी ते जोडलं नव्हतं. फळ्यावर आलं : सी त्यु मावे एकुते, त्यु ओरे आश्ते. तू माझं ऐकलं होतंस तर विकत घेतलं असतंस. बोलणारी बाई आहे आणि तिच्याबद्दलचं कर्म क्रियापदाच्या आधी आलंय, म्हणून 'एकुते'च्या शेवटी एक जास्तीचा ए लिहावा लागतो. तो उच्चारात ऐकू येत नाही, पण गाळला तर चूक धरतात. काकू म्हणाल्या, "फ्रान्समध्ये बाईचं निदान लिहून तरी ठेवतात."

या काळाचा एक उपयोग काकांनी स्वतः आपल्या कट्ट्यासाठी उचलला. फ्रेंच वर्तमानपत्रं खात्री नसलेली बातमी याच रूपात देतात. 'मंत्र्याने राजीनामा दिला असता' अशी शब्दरचना, अर्थ 'दिला म्हणे.' जबाबदारी कुणाचीच नाही. गोदाघाटावर सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींच्या सगळ्या बातम्या या काळातल्या आहेत, असं काकांनी तिथे जाहीर केलं, आणि कुणी हरकत घेतली नाही.

नाशिक जिल्ह्यात हा काळ बोलणारे काका एकटे नाहीत. कांदा चाळीत आणखी पंधरा दिवस ठेवला असता तर, असं लासलगावच्या बाजारात कुणीही म्हणेल. अवकाळी चार दिवस उशिरा आला असता तर, असं निफाडचा द्राक्षवालाही म्हणतो. फरक एवढाच की तो ते एकदा म्हणतो, डावणी रोगाच्या भीतीने मोरचूद आणि चुना कालवतो आणि बागेवर बोर्डो मारून मोकळा होतो. हे औषधही फ्रेंचच. बोर्दोजवळ रस्त्याकडेची द्राक्षं लोक चोरून खात, म्हणून बागायतदार वेलींवर असंच निळं-हिरवं काहीतरी शिंपडत. त्याच वेली रोगातून वाचल्याचं मियार्दे नावाच्या प्राध्यापकाने पाहिलं आणि १८८५ साली कृती प्रसिद्ध केली. काकांना ही गोष्ट सांगितली. म्हणाले, "म्हणजे चोर आले नसते, तर औषध सापडलं नसतं." वाक्य फ्रेंचमध्ये करून आणायला सांगितलं, तर बिनचूक आणलं. सीला रे लावला नव्हता.

परीक्षेचा फॉर्म मात्र काकांनी भरला नाही. भरला असता तर पास झाले असते, यात मलाही शंका नाही. परवा माँट्रियलहून नातवाने फोनवर विचारलं, "आजोबा, त्यु व्हिएँ काँ?" तू कधी येतोस? साधा वर्तमानकाळ. काका म्हणाले, "झ सरे व्हेन्यु," म्हणजे आलो असतो. आणि पुढे व्हिसा, गुडघे, थंडी. शेजारी बसून काकांची वही वाचत वाचत थोडंफार शिकलेल्या काकूंनी फोन हातात घेतला, एकच शब्द बोलल्या, "झारीव्ह." मी येते. जूनचं तिकीट काढलंय, दोघांचं.

वाचकहो, काँदिसिओनेल पासे जरूर शिका. यात स्टँप ड्यूटी लागत नाही आणि सातबाराही बघावा लागत नाही. फक्त वाक्य 'सी'पासून सुरू करा आणि तिथे आपण काय केलं नव्हतं ते सरळ लिहा. मार्क त्याचेच असतात. आणि नाशिकला जमीन बघत असाल, तर २०२७च्या सिंहस्थाआधी काय ते ठरवा. नंतर आमच्या वर्गात जागा मिळेल, पण काकांच्या मागच्या बाकावर.