साहेबांना सिंह, भाऊजींना घोडे

डिसेंबरचा दुसरा आठवडा लागला की हिंजवडीपासून ऐरोलीपर्यंतच्या ऑफिसांतून चिठ्ठ्यांचा एक डबा फिरू लागतो. ज्याच्या हाती ज्याचं नाव येईल, त्याने त्याला गुपचूप भेट द्यायची. याला सीक्रेट सांता म्हणतात. मर्यादा पाचशे रुपये. त्याखाली गेलं तर अपमान आणि वर गेलं तर बढतीसाठी चाललेली खटपट, असा एचआरचा हिशेब असावा. चिठ्ठीत बाईचं नाव निघालं तर उचलणारा निर्धास्त असतो; सुगंधी मेणबत्तीपासून मनीप्लांटपर्यंत दुकानं भरलेली आहेत. पुरुषाचं नाव निघालं की मात्र चेहरा पडतो. पाकीट त्याच्याकडे आहे. पट्ट्यासाठी कमरेचं माप विचारणं बरं दिसत नाही. अत्तर दिलं तर तो त्यातून भलताच अर्थ काढेल. आणि कॉफीचे मग त्याच्याकडे इतके साठलेत की घरी त्यांनी तांदूळ मोजतात.

या कोंडीवर बाजाराने तोड काढली आहे. भिंतीवर टांगायचं चित्र. कुठल्याही ऑनलाइन दुकानात ‘पुरुषांसाठी नाताळची भेट’ असं टाकून पाहा, चित्रांची रांगच लागते. ती सगळी बघून झाली की आपण आजवर घरातल्या, ऑफिसातल्या पुरुषांना ओळखलंच नव्हतं की काय, असं वाटू लागतं.

पहिला मान सिंहाचा. अर्धा चेहरा अंधारात, अर्ध्यावर उजेड. डोक्यावर मुकुट. कधी अंगात सूट आणि तोंडात सिगार. खाली इंग्रजीत चार ठसठशीत शब्द. झोपू नकोस, थांबू नकोस, कुणाचं ऐकू नकोस, अशा अर्थाचे. ज्या साहेबांना हे चित्र द्यायचं ते रोज सकाळी दहाला बंगळूरच्या साहेबांपुढे कॅमेरा बंद करून ‘येस, येस’ म्हणत असतात, हे सगळा मजला ऐकतो. पण सिंहाचं चित्र काढणाऱ्याने सिंहाचीही चौकशी केलेली दिसत नाही. आफ्रिकेतला नर सिंह दिवसाचे अठरा-वीस तास लोळून काढतो. शिकारीची बरीचशी दगदग सिंहिणी करतात आणि पानावर बसायला हा सगळ्यांच्या आधी. म्हणजे रविवारी दुपारी मटण-भाकरी खाऊन आडव्या झालेल्या भाऊजींना सिंह शोभेलही. फक्त चित्रकाराने तो जागा दाखवायला नको होता.

सिंहानंतर लांडगा. हा नेहमी एकटा असतो आणि चंद्राकडे तोंड करून काहीतरी म्हणत असतो. आत्मनिर्भर तरुणांमध्ये याला मागणी आहे. बारामती तालुक्यात सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्याच्या माळावर खरे लांडगे राहतात. ते कुटुंब करून राहतात, पिल्लं वाढवतात, आणि धनगरांशी त्यांचं पिढीजात भांडण आहे. एकटा फिरणारा लांडगा बहुधा घरातून बाहेर पडलेला तरुण नर असतो. त्याला जोडीदार हवी असते आणि बिऱ्हाड मांडायला जागा. तेव्हा ते चित्र वधू-वर सूचक मंडळाच्या ऑफिसात लावावं. तिथे त्याची अडचण समजून घेणारे लोक भेटतील.

भाऊजी, काका, सासरे या वर्गासाठी घोडे राखून ठेवलेले आहेत. घोडे सातच. पांढरे, पाण्यातून उधळत येणारे. हे चित्र आता नाताळलाही देतात, वास्तुशांतीलाही आणि निवृत्तीच्या निरोपालाही. ज्या माणसाला उद्यापासून कुठेही धावायचं नाही त्याला निरोप म्हणून सात घोडे! घोड्यांसोबत नियमांचं चिठोरं येतं: दक्षिणेच्या भिंतीवर लावा, घोड्यांची तोंडं घराच्या आत वळलेली हवीत, लगाम नको, रथ नको. आमच्या माहितीच्या एका वन बीएचकेमध्ये दक्षिणेच्या भिंतीला बाथरूमचा दरवाजा आहे. तिथे हे सात घोडे आज कित्येक वर्षं वॉश बेसिनच्या दिशेने दौडत आहेत. घरात लक्ष्मी आलेली नाही, पण नळ कायम गळतो.

नाताळ, पुरुष आणि कलाकृती या तिन्ही गोष्टी एकत्र आल्याचं मोठं उदाहरण न्यूयॉर्कचं आहे. १९८७ साली तिथला शेअर बाजार कोसळला. आर्तुरो दि मोदिका नावाच्या सिसिलीच्या शिल्पकाराला वाटलं, या मंडळींना धीर द्यावा. त्याने पदरचे सुमारे साडेतीन लाख डॉलर घातले, तीन टनांहून जड असा कांस्याचा बैल ओतला आणि १५ डिसेंबर १९८९ च्या पहाटे कुणाचीही परवानगी न काढता ट्रकमधून आणून वॉल स्ट्रीटच्या शेअर बाजारासमोर, नाताळच्या झाडाखाली ठेवून दिला. न्यूयॉर्ककरांना नाताळची भेट. रस्त्यावरच्या लोकांना बैल फार आवडला. शेअर बाजाराच्या चालकांनी तो त्याच दिवशी उचलायला लावला. पुढे काही दिवसांनी त्याला जवळच बोलिंग ग्रीन पार्कपाशी जागा मिळाली आणि आज तो जगप्रसिद्ध आहे. पण ज्या पुरुषांसाठी म्हणून एवढा खर्च केला त्यांची पहिली प्रतिक्रिया होती, ‘हे इथे कुठे ठेवताय?’ पाचशे रुपयांच्या सांताने निराश होण्याचं कारण नाही. साडेतीन लाख डॉलरवाल्यालाही हेच ऐकावं लागलं.

आपल्याकडे दलाल स्ट्रीटलाही बैल आहे. सोलापूरचे शिल्पकार भगवान रामपुरे यांनी घडवलेला, उत्तम. तो बसवला २००८ च्या जानेवारीत आणि बाजार गडगडला त्याच महिन्यात. यात बैलाचा काय दोष? पण तेव्हा ज्यांचे पैसे बुडाले त्यांच्यातल्या एखाद्याला डिसेंबरमध्ये बैलाचं चित्र भेट देऊन पाहा. तुमचं नाव पुढच्या वर्षी कुणाच्याही चिठ्ठीत येणार नाही.

आता कुणी म्हणेल, सिंह नको, बैल नको, त्या माणसाचंच चित्र काढून द्यावं. जसा आहे तसा. हाही प्रयोग होऊन गेलाय. चर्चिलसाहेबांना ऐंशी वर्षं पूर्ण झाली तेव्हा, ३० नोव्हेंबर १९५४ ला, ब्रिटिश पार्लमेंटच्या दोन्ही सभागृहांनी मिळून त्यांना त्यांचं तैलचित्र भेट दिलं. चित्रकार ग्रॅहम सदरलंड. त्यांनी समोर जे बसलं होतं ते रंगवलं: खुर्चीत रुतलेला, थकलेला, चिडका म्हातारा. समारंभात चर्चिल एवढंच म्हणाले की आधुनिक कलेचा हा लक्षणीय नमुना आहे, आणि सभागृहात हशा पिकला. चित्र त्यांच्या चार्टवेलच्या घरी गेलं, पण भिंतीवर लागलंच नाही. पुढे लेडी चर्चिल यांच्या सेक्रेटरीने आपल्या भावाच्या मदतीने ते जाळून टाकलं. म्हणजे पुरुषाला त्याचं खरं चित्र दिलं तर ते जाळलं जातं आणि खोटं दिलं तर ते माळ्यावर जातं. माळ्यावर गेलेलं निदान पुढच्या डिसेंबरात दुसऱ्या कुणाला देता येतं. सिंह खपतो तो यामुळे.

बायका हे जाणून असतात. नवऱ्याला सिंहाचं चित्र दिल्याने तो सिंह होत नाही हे त्यांना ठाऊक आहे. चित्र निदान भिंतीवरचा ओलाव्याचा डाग झाकतं.

पण भिंत आहे कुठे? या साऱ्या उलाढालीत घराच्या भिंतींची मालकी कुणाची, हे कुणी विचारातच घेतलेलं नाही. हॉलची मोठी भिंत टीव्हीची. तिच्यासमोरची वहिनींची, तिथे टेक्श्चर पेंट आहे आणि त्याला बोट लावायचीही बंदी आहे. उरलेल्या भिंतीवर मुलीची कथकची प्रमाणपत्रं, चंदनाच्या हारातले आजोबा, देवघर, आणि किल्ल्यांसाठी लाकडी बासरीच्या आकाराची खुंटी. अमेरिकन पुरुषाला म्हणे घरात स्वतःची गुहा असते. तिथे तो बिअरच्या पाट्या आणि पत्ते खेळणाऱ्या कुत्र्यांची चित्रं लावतो. (ही कुत्र्यांची चित्रं कॅसियस कूलिज या चित्रकाराने १९०३ पासून एका जाहिरात कंपनीसाठी काढली. आणि हसू नका. त्यांतली दोन २००५ मध्ये लिलावात पाच लाख नव्वद हजार डॉलरला गेली.) मराठी पुरुषाची गुहा म्हणजे वॉशिंग मशीनशेजारची दोन फूट बाल्कनी. तिथे ज्या भिंतीला तो टेकतो ती शेजाऱ्याची असते.

समजा भिंत मिळाली, तर खिळा. जुन्या वाड्याच्या मातीच्या भिंतीत खिळा नुसत्या रागाने जात असे. आताच्या टॉवरच्या भिंती मायवानच्या. ॲल्युमिनियमचे साचे लावून अख्खी भिंत काँक्रीटची ओततात. त्यात साधा खिळा वाकतो, दुसरा उडून टीव्हीवर बसतो, आणि तिसऱ्याला बोट मध्ये येतं. मग हॅमर ड्रिल हवं, प्लास्टिकची गिट्टी हवी, आणि सोसायटीची परवानगी हवी, कारण दुपारी दोन ते चार आवाज करायचा नाही आणि उरलेल्या वेळात तुम्ही ऑफिसात असता. भाड्याचं घर असेल तर प्रश्नच मिटला. घरमालक डिपॉझिट परत करताना आधी भोकं मोजतो. अशा माणसाला तुम्ही पाच तुकड्यांत कापलेला सिंह देता! एका फ्रेममध्ये कान, एकीत अर्धी आयाळ, मधल्या फ्रेममध्ये नाक. पाच फ्रेमना दहा खिळे आणि ते एका रेषेत येण्यासाठी पाणसळ. आम्ही अशा घरांत गेलो आहोत जिथे सिंहाचे तीनच तुकडे लागलेत आणि उरलेले दोन, म्हणजे एक कान आणि हनुवटी, पलंगाखाली आहेत.

ज्यांचा हा मूळ सण त्यांच्याकडे असली धावपळ दिसत नाही. वसईच्या ख्रिस्ती वाड्यांत नाताळच्या आधी पुरुष गोठा उभारायच्या आणि दारावर तारा चढवायच्या कामात असतात. घरातल्या मोठ्या भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाचं चित्र आधीपासून आहे. तिथे नवीन जागा निघत नाही आणि कुणी मागतही नाही. आणि निव्वळ पुरुषांच्या भिंती बघायच्या असतील तर मुंबईत धोबी तलावला जावं. तिथल्या जुन्या इमारतींत गोवेकर खलाशांचे कूड आहेत, एकेका गावाचा एकेक. एका जहाजावरून उतरून दुसरं मिळेपर्यंत गोव्याच्या माणसाने तिथे पथारी टाकायची. बायकांचं राज्य नाही, टेक्श्चर पेंट नाही. जगभरची बंदरं पाहिलेल्या या पुरुषांनी आपल्या भिंतीपाशी काय ठेवलं? पत्र्याच्या ट्रंकांची चळत आणि आपल्या गावच्या संताचा आल्तार. संध्याकाळी तिथे रोझरी. इतक्या वर्षांत कुणाला सिंह लावावासा वाटला नाही, आणि दर्यावर्दी माणसांइतका सिंहाचा हक्क आमच्या साहेबांना खचित नाही.

मराठी घरात पुरुषाने स्वतः निवडून टांगलेलं चित्र हवं असेल तर थोडं मागे जावं लागेल. खत, सिमेंट, रंग, विड्या विकणारे कारखानदार डिसेंबरात दुकानदारांना कॅलेंडरं वाटत. दीनानाथ दलाल किंवा रघुवीर मुळगावकर यांची चित्रं असलेली. दोघेही मूळ गोव्याचे, हेही ओघाने आलं. दुकानदार ती गुंडाळी काखेत मारून घरी आणी आणि कुणालाही न विचारता ठोकून टाकी. वर्ष संपलं की तारखा कापायच्या, चित्र ठेवायचं. त्यात लक्ष्मी असे, राम असे, दमयंती असे. पुरुषाला तू कोण हे सांगणारं काही नसे. मग १९७३ मध्ये कालनिर्णय आलं आणि त्या खिळ्यावर चतुर्थी, दूधवाल्याचा खाडा आणि गॅसच्या नोंदी येऊन बसल्या. मराठी पुरुषाची ही शेवटची भिंत होती. तीही स्वयंपाकघरात गेली.

तरीही द्यायचंच असेल तर आमचं मत व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांना. ११ डिसेंबर २०११ ला गेले, नाताळ दोन आठवड्यांवर असताना. कुलाब्याच्या कॅफे माँडेगारच्या भिंती त्यांच्या चित्रांनी भरल्या आहेत, आणि गोव्यात त्यांच्या चित्रांच्या प्रती, फरशा, मग सगळं मिळतं. त्यांच्या चित्रांतल्या ऑफिसात बॉस आहे, मिस फोन्सेका आहेत, गोडबोले नावाचा कारकून आहे. पोटं सुटलेली, डोळे बाहेर आलेले, गर्दीत आपला पेला सांभाळणारे पुरुष आहेत. सदरलंडने जे केलं तेच मारिओंनीही केलं, पण बघणारा गोडबोले चित्राकडे बोट दाखवून म्हणतो, ‘हा अगदी आमच्या ऑफिसातल्या देशपांड्यासारखा!’ आणि चित्र शाबूत राहतं.

तर वाचकहो, यंदा तुमच्या चिठ्ठीत पुरुषाचं नाव आलं तर पाचशे रुपयांत एक ड्रिलवाला तासाभरासाठी पाठवून द्या. त्याच्या घरी गेल्या वर्षीचं काहीतरी लावायचं राहिलेलंच असेल. आणि ज्यांच्या चिठ्ठीत आमचं नाव आलं आहे, त्यांनी सिंह घेतलाच असेल तर कृपया दुकानाचं बिल आत ठेवावं. बदलून देण्याची मुदत बहुधा दहाच दिवसांची असते.